कुर्ल्याची डॉज आणि यात्रेची फळी

विवळवेढे हे नाव तुम्ही कदाचित ऐकले नसेल. पण मुंबईहून अहमदाबादकडे महामार्गाने गेला असाल, तर गाव नक्की पाहिले आहे. चारोटी नाका ओलांडून पुढे निघाले की थोड्याच वेळात रस्त्याच्या कडेला महालक्ष्मीचे देऊळ लागते. लोक ‘डहाणूची महालक्ष्मी’ म्हणतात, गाव मात्र आमचे विवळवेढे. चैत्र पौर्णिमेला, म्हणजे हनुमान जयंतीला, यात्रा सुरू होते आणि पंधरा दिवस चालते. डोंगरमाथ्यावर जो ध्वज लागतो, तो जव्हारच्या मुकणे राजघराण्याचा मान. डहाणू, तलासरी, जव्हार, विक्रमगड आणि तिकडे गुजरातेतूनही आदिवासी बांधव लोटतात. पूर्वी चालत यायचे, मग बैलगाडीने, मग एसटीने. आणि काही वर्षे एका अमेरिकी मोटारीने. आज बोलायचे आहे ते त्या मोटारीविषयी, कारण ती सध्या माझ्या पडवीत उभी आहे.

मी आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिक ट्रेडचा निदेशक होतो. निवृत्त झाल्यावर माणसाने तीर्थयात्रा करावी, नातवंडे खेळवावीत. मी २०१७ साली एक गंजलेली डॉज विकत घेतली. माझी पत्नी आठ दिवस माझ्याशी मोजकेच बोलली.

गाडी डहाणूजवळच्या एका चिकूच्या वाडीत होती. आमच्या किनाऱ्यावर इराणी आणि पारशी कुटुंबांनी चिकू रुजवला, हे आता सर्वांना ठाऊक आहे. डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. अशाच एका कुटुंबाच्या वाडीत, खोक्यांच्या गोडाऊनमागे, पत्र्याच्या पडक्या छपराखाली ती तीसेक वर्षे उभी होती. टायर कधीच मातीत मिसळले होते. पुढच्या मडगार्डातून वेल वर आला होता. मागच्या सीटवर कोंबडी अंड्यांवर बसली होती आणि तिने आम्हा दोघांकडे असे पाहिले, की मालकीण तीच. समुद्राचा वारा आणि चार महिन्यांचा पाऊस, या दोघांनी मिळून पत्र्याचे काय करावे ते सगळे केले होते. दाराच्या खालच्या कडेवर बोट टेकवले, तर बोट आत गेले.

घरातल्या वृद्ध बाईंनी एकच अट घातली. “भंगारवाला तुमच्यापेक्षा जास्त देतो. तुम्ही तोडणार नसाल तर घेऊन जा.” पंचाहत्तर हजारांना सौदा झाला. वर त्यांनी एक गोष्ट फुकट दिली, तिची किंमत मला नंतर कळली. गोडाऊनच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली गाडीचे मूळ पेट्रोल इंजिन होते. चाळीसएक वर्षांपूर्वी ते काढून गाडीत डिझेल इंजिन बसवले होते, आणि बाईंचे यजमान काहीही टाकून न देणारे होते.

बॉनेटखाली, काचेपुढच्या पत्र्यावर, गंजातून एक छोटी पट्टी निघाली. ब्रशने हळूहळू घासली तेव्हा अक्षरे दिसली : प्रीमिअर ऑटोमोबाइल्स लिमिटेड, बॉम्बे. गाडी अमेरिकेची खरी, पण जोडलेली कुर्ल्यात. इथून माझा इतिहासाचा अभ्यास सुरू झाला. गाडी दुरुस्त करायची तर ती आधी काय होती हे कळायला हवे ना.

मुंबईत मोटारी जोडण्याचे काम आपल्या समजुतीपेक्षा बरेच जुने आहे. फोर्डची भारतातली कंपनी १९२६ ची. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये शिवडीला कारखाना काढला. तिथे शेव्हरोलेटचे सुटे भाग पेट्यांतून यायचे आणि इथे त्यांची गाडी व्हायची. जोडणी आपली, नफा त्यांचा. हा हिशेब ज्यांना खटकत होता, त्यांत दोन नावे मोठी. एक सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. त्यांनी तिसाच्या दशकात मोटार कारखान्याची योजना तयार करून तिचा पाठपुरावा केला. दुसरे सोलापूरचे वालचंद हिराचंद.

वालचंदांचे आयुष्य म्हणजे सरकारने ‘नाही’ म्हटलेल्या गोष्टींची यादी आणि त्यांनी त्या कशा केल्या त्याची हकिकत. जहाजे चालवायची नाहीत, तर यांनी १९१९ मध्ये सिंदिया कंपनीत उडी घेतली. १९३९ मध्ये ते मोटारीच्या कारखान्याची बोलणी करायला अमेरिकेत गेले. फोर्डशी जमले नाही. क्रायस्लर कंपनीशी जमले आणि १९४० मध्ये करार झाला. गंमत अशी, की त्याच फेरीत विमानप्रवासात एका अमेरिकी विमानव्यावसायिकाशी ओळख झाली आणि तिच्यातून बंगळूरचा विमान कारखाना आधी उभा राहिला, १९४० च्या डिसेंबरात. मोटारीसाठी गेलेला माणूस विमान घेऊन आला! युद्धाच्या काळात मोटार कारखान्याला सरकारी पाठबळ मिळाले नाही. शेवटी १९४४ मध्ये प्रीमिअर ऑटोमोबाइल्सची स्थापना झाली आणि १९४७ मध्ये, स्वातंत्र्याच्याच वर्षी, कुर्ल्याहून गाड्या बाहेर पडू लागल्या.

त्या गाड्या म्हणजे डॉज, प्लिमथ आणि डी सोटो. आता यातले गुपित सांगतो. डॉज किंग्जवे, प्लिमथ सॅव्हॉय आणि डी सोटो डिप्लोमॅट या तीन गाड्या आतून एकच. एकाच आईची तीन लेकरे, टोप्या तेवढ्या वेगळ्या. जाळी वेगळी, नावाची पट्टी वेगळी, विकणारा व्यापारी वेगळा. श्रीमंत माणसे मात्र आपली डी सोटो शेजाऱ्याच्या डॉजपेक्षा सरस असल्याचे अगदी मनापासून सांगत. मला या माहितीचा फार उपयोग झाला, कारण प्लिमथचा भाग मिळाला तरी माझे काम भागत होते.

माझी गाडी १९५४ ची. वालचंद त्याच्या आदल्या वर्षी, एप्रिल १९५३ मध्ये गेले होते. १९५३ मध्येच टॅरिफ कमिशनने शिफारस केली, की ज्यांच्याकडे भाग इथेच बनवण्याचा कार्यक्रम आहे त्यांनीच भारतात गाड्या काढाव्यात. फोर्ड आणि जनरल मोटर्स यांनी गाशा गुंडाळला. प्रीमिअर राहिली. पुढे तिने फिएट हाती घेतली, तिचीच १९७४ मध्ये पद्मिनी झाली आणि मुंबईची टॅक्सी म्हणून तिने २०२३ च्या ऑक्टोबरपर्यंत साथ दिली. फिएटवर पुष्कळ लिहून झाले आहे. डॉजकडे कुणी फारसे पाहिले नाही.

माझ्या जुन्या विद्यार्थ्यांना ही गाडी पाहिल्याबरोबर एकच शब्द सुचतो : मसल कार. इंग्रजी सिनेमे पाहून आलेली पोरे ती. त्यांना मी दर वेळी सांगतो, की बाबांनो, ही मसल कार नाही, ही तिची आत्या. मसल कार म्हणजे मध्यम अंगाच्या गाडीत मोठ्या गाडीचे भलेथोरले आठ सिलिंडरचे इंजिन घालून केलेली बेफाम चीज. पाँटिअॅकने १९६४ च्या मॉडेलात जीटीओ काढली, साधारण ६.४ लिटरचे इंजिन, तिथून ते वेड पसरले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये फोर्डची मस्टँग आली, तिला जाणकार मसल म्हणत नाहीत, पण पोरांना ते पटत नाही. हे सगळे प्रकरण चालले जेमतेम दहा वर्षे. विम्याचे हप्ते वाढले, धुराचे कायदे आले आणि ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब देशांनी तेल अडवले, तेव्हा त्यातली हवाच गेली. आपल्याकडे तोवर परदेशी गाड्यांची आयात परकी चलनाच्या टंचाईने जवळजवळ बंद झाली होती. वकिलातींच्या गाड्या लिलावात निघायच्या, सिनेमातल्या बड्या लोकांकडे इम्पाला असायची, बाकी जनता फिएट आणि अँबेसेडरच्या यादीत नाव घालून वर्षानुवर्षे थांबायची. मस्टँग अधिकृतपणे भारतात विकायला आली ती थेट २०१६ मध्ये.

माझ्या डॉजमध्ये सहा सिलिंडर आहेत आणि ताकद शंभर अश्वशक्तीच्या आसपास. वजन दीड टनाच्या आतबाहेर. पळायला ती केलेलीच नाही. पण चढावर तिसऱ्या गिअरमध्ये, घाई न करता, हत्तीसारखी चढते. हे इंजिन ‘फ्लॅटहेड’ जातीचे, म्हणजे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये नाहीत, खाली ब्लॉकमध्ये सिलिंडरच्या शेजारी बसलेले. हेड म्हणजे नुसते झाकण. याच घराण्यातले इंजिन दुसऱ्या महायुद्धात लष्कराच्या डॉज गाड्यांत होते, आणि पुढे कुर्ल्याच्या ट्रकांतही आले. साधे, दणकट, पेट्रोल पिणारे. लिटरला सहा-सात किलोमीटर.

तर १९७३ च्या तेलटंचाईत आमच्या डॉजचे काय झाले? जे बहुतेक मोठ्या गाड्यांचे झाले तेच. पेट्रोलचे भाव असे भडकले, की नोव्हेंबर १९७३ मध्ये अटलबिहारी वाजपेयी निषेध म्हणून बैलगाडीतून संसदेत गेले. वाडीवाल्या शेठना बैलगाडी नवी नव्हती, पण डॉज परवडेना. त्यांनी तिच्यात डिझेल इंजिन बसवले आणि गाडी आपल्या जुन्या ड्रायव्हरला चालवायला दिली. ड्रायव्हरने पुढच्या सीटमागे लोखंडी अँगलचा सांगाडा वेल्डिंग करून घेतला, त्यावर सागाची फळी ठोकली आणि टपावर कॅरिअर चढवला. शेठची गाडी सीटावर चालू लागली. परवान्याचे विचारू नका.

हे सारे मला नंतर कळले. आणि तोवर मी एक चूक करून बसलो होतो.

२०१८ च्या उन्हाळ्यात मी गाडीचा तळ कापला. पत्रा इतका कुजला होता, की पाय ठेवला असता तर खाली जमीन लागली असती. कापताना मागच्या भागात तो अँगलचा सांगाडा आणि काळी पडलेली फळी लागली. कुणीतरी केलेला गावठी उद्योग, असे म्हणून मी सांगाडा भंगारात टाकला आणि फळी पावसाळ्यात चुलीखाली गेली. निदेशक माणूस, कारखान्याने काय केले ते पवित्र आणि गॅरेजवाल्याने काय केले तो कचरा, ही शिकवण मी स्वतःच पोरांना तीस वर्षे दिली होती.

पुढच्या वर्षी यात्रेच्या दिवसांत वाघाडीकडचे एक वयस्क गृहस्थ पडवीत आले. वारली समाजातले, सत्तरीच्या घरातले, खांद्यावर टॉवेल. गाडीभोवती त्यांनी एक फेरी मारली. काही बोलले नाहीत. मग मागचे दार उघडून आत डोकावले आणि मला विचारले, “मास्तर, फळी कुठाय?”

मी म्हटले, “कसली फळी, दादा?”

“माझी फळी. मी क्लीनर होतो हिच्यावर.”

मी खरे ते सांगितले. ते थोडा वेळ नव्या पत्र्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, “पत्रा चांगला मारलाय.” त्यांनी मला बोल लावला असता तर बरे वाटले असते.

त्या दिवशी चहा घेता घेता त्यांनी जे सांगितले, ते मी त्याच रात्री वहीत उतरवून ठेवले. पुढच्या सीटवर तीन, फळीवर चार, मागे पाच, आणि पोरे मोजायची नाहीत. टपावर टोपल्या, मडकी, कोंबड्या. डिझेल इंजिन वजनदार, रेडिएटर जुना, त्यामुळे चढ लागला की पाणी उकळायचे. क्लीनरचे पहिले काम पाण्याचा डबा भरून ठेवायचा. यात्रेच्या पंधरवड्यात ते तीन-तीन रात्री झोपायचे नाहीत. लिहिता-वाचता येत नव्हते, म्हणून किती सीटा झाल्या ते डॅशबोर्डाच्या कप्प्यात खिळ्याने रेघा मारून ठेवायचे. संध्याकाळी ड्रायव्हर रेघांवरून हिशेब करायचा.

आणि मग ते म्हणाले, “त्याच्या आधी ही गाडी आली की आम्ही रस्ता सोडून खाली उतरायचो. माझा बाप तर हात जोडून उभा राहायचा. मग आम्हीच हिच्यात बसलो.”

हे वाक्य समजायला आमच्या भागाचा थोडा इतिहास सांगायला हवा. डहाणू, तलासरी आणि त्या वेळचा उंबरगाव तालुका, इथली जमीन आणि जंगल सावकार, जमीनदार आणि ठेकेदार यांच्या हाती गेले होते. वारली माणूस आपल्याच पूर्वजांच्या जमिनीवर वेठबिगार होता. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी नवरा-बायको दोघेही आयुष्यभर राबत, त्याला लग्नगडी म्हणत. २३ मे १९४५ रोजी तलासरीजवळच्या झरी गावात सभा झाली आणि शामराव व गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली किसान सभेने वेठीविरुद्ध लढा उभारला. गवत कापण्याच्या मजुरीवरून संप झाला. त्या वर्षी १० ऑक्टोबरला तलवाड्याला पोलिसांनी गोळीबार केला, त्यात जेठ्या गांगड आणि त्यांचे साथीदार मारले गेले. गोदूताईंचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे पुस्तक ज्यांनी वाचले आहे, त्यांना मी वेगळे काय सांगणार? वेठ मोडली. पण मोडलेली गोष्ट माणसाच्या पाठीतून निघायला वेळ लागतो. माझी डॉज उठावानंतर नऊ वर्षांनी या रस्त्यावर आली. तेव्हाही माणसे तिला पाहून हात जोडत होती. आणि अजून वीस वर्षांनी तीच माणसे तिच्यातल्या फळीवर बसून, भाडे मोजून, यात्रेला जात होती.

शेठचे कुटुंब वाईट होते असे मी म्हणत नाही. त्या बाईंनी मला जे इंजिन दिले ते कुणी देत नाही. पण मोटारीच्या इतिहासाच्या पुस्तकात ‘मूळ मालक’ असा रकाना असतो, ‘फळीवरचे चार’ असा नसतो.

आता माझ्यापुढे प्रश्न पडला, गाडी कोणत्या सालात परत न्यायची? १९५४ मध्ये, की १९७५ मध्ये?

अर्धा प्रश्न सरकारने सोडवला. २०२१ च्या जुलैमध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती झाली आणि विंटेज वाहनांची वेगळी नोंदणी आली. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे झालेली गाडी विंटेज. नव्या नोंदणीला वीस हजार रुपये, दहा वर्षांसाठी. नव्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे. पण जिची जुनी नोंदणी आहे, तिला जुना क्रमांक ठेवता येतो. माझ्या गाडीचा क्रमांक मुंबई राज्याच्या काळातला, ‘बीएम’ने सुरू होणारा, तो मला कोणत्याही किमतीला घालवायचा नव्हता. मात्र अट अशी, की गाडी मूळ स्वरूपात हवी. चासी, सांगाडा किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला चालणार नाही. म्हणजे डिझेल इंजिन ठेवले, तर कायद्याच्या नजरेत ती विंटेज नाही. शिवाय अशी गाडी रोजच्या वापराला किंवा भाड्याने चालवता येत नाही; प्रदर्शन, रॅली, तांत्रिक अभ्यास, दुरुस्ती आणि इंधन भरणे, एवढ्यासाठीच ती रस्त्यावर. कायद्यालाही १९५४ च हवे होते.

मी डिझेल इंजिन उतरवले. आनंदाने नव्हे. ते इंजिन आज माझ्याकडे तेल घालून, झाकून ठेवलेले आहे, जसे त्या शेठनी पेट्रोलचे ठेवले होते.

आता थोडे कामाविषयी, कारण माझ्या विद्यार्थ्यांना त्याशिवाय चैन पडणार नाही. पेट्रोल इंजिन आतून धरले होते. स्पार्क प्लग काढून सहाही सिलिंडरांत रॉकेल आणि इंजिन ऑइल यांचे मिश्रण ओतले आणि महिनाभर हात लावला नाही. घाई करून पहार घालणारे लोक पिस्टन फोडतात. रोज सकाळी फ्लायव्हीलवर थोडा जोर लावून पाहायचो. एकविसाव्या की बाविसाव्या दिवशी ते बोटभर हलले, आणि मी घरात जाऊन चहा मागितला तो आवाजावरूनच पत्नीला कळले. बारापैकी पाच व्हॉल्व्ह अडकले होते. सिलिंडर वापीच्या लेथवर बोअर करून घेतले.

या इंजिनात एक खोडी आहे. ब्लॉकच्या आत, पाण्याच्या पंपामागे, एक लांब चपटी नळी असते. ती मागच्या सिलिंडरांपर्यंत थंड पाणी पोचवते. बाहेरून दिसत नाही, म्हणून लोक विसरतात. ती कुजली की पुढचे सिलिंडर थंड आणि मागचे तापलेले. माझी नळी बाहेर काढली तेव्हा हातात चहापावडरीसारखा गंज आला. पितळेची नवी करून घेतली.

भागांसाठी मी मुंबईचा चोरबाजार आणि कुर्ल्याचा भंगार बाजार पालथा घातला. कुर्ल्यात ज्या जागेवर प्रीमिअरचा कारखाना होता, तिथे आता कोहिनूर सिटी उभी आहे. तिच्या काचांच्या इमारतींपुढून मी डॉजचा ब्रेक ड्रम पिशवीत घालून चालत गेलो. सुरक्षारक्षकाने पिशवीत काय आहे विचारले. मी म्हटले, “इथलेच आहे.” त्याला पटले नसावे.

आणि चाकांची गोष्ट. माझ्या मदतीला आलेल्या एका हुशार पोराने डावीकडचे चाक काढायला घेतले. बोल्ट सुटेना. पाईप लावून दोघांनी जोर केला, तेव्हा बोल्टचे डोके तुटून हातात आले. क्रायस्लरच्या गाड्यांत त्या काळी डाव्या चाकांचे आटे उलटे असत, म्हणजे चालताना चाक आपोआप सैल होऊ नये. मीही विसरलो होतो. ते गृहस्थ, क्लीनर दादा, तिथेच बसले होते. ते म्हणाले, “डावीकडं उलटं फिरतं. मी हिचं चाक रातच्याला अंधारात बदललंय.” त्यानंतर मी त्यांना विचारल्याशिवाय कुठलाही बोल्ट फिरवला नाही. बॅटरीचेही तसेच. या गाडीत सहा व्होल्टची बॅटरी आणि अर्थिंग धन टोकाला, आजच्या गाड्यांच्या नेमके उलट. हँडब्रेक चाकांना धरत नाही, गिअरबॉक्सच्या मागे शाफ्टलाच धरतो.

रंग कारखान्याच्या मूळ रंगाशी जुळवला, दाराच्या आतल्या कडेला थोडासा शिल्लक होता त्यावरून. फक्त डॅशबोर्डाचा कप्पा तसाच ठेवला. त्याचे झाकण उघडले, की आत फिकट हिरव्या रंगावर खिळ्याच्या रेघा आहेत, चार उभ्या आणि एक आडवी, अशा किती तरी ओळी. रंगाऱ्याने दोनदा विचारले, “सर, हे पण घासून घेऊ?” मी दोनदा नाही म्हटले. तिसऱ्या वेळी त्याने विचारू नये म्हणून कप्प्याला कुलूप लावले. नियमात इंजिन आहे, चासी आहे, सांगाडा आहे. कप्प्याच्या आतल्या रंगाविषयी काही लिहिलेले नाही. फळी मात्र गेली ती गेली. तशीच दुसरी करून बसवता आली असती. सागाचे लाकूड आमच्याकडे काही दुर्मीळ नाही. पण ती मी केलेली फळी झाली असती.

२०२३ च्या मार्चमध्ये गाडी पहिल्यांदा स्वतःच्या जोरावर पडवीबाहेर आली. कागदपत्रे जुन्या क्रमांकासह हाती होती. यात्रेला अजून काही दिवस होते, देवळापुढे दुकानांचे बांबू पडले होते. इंधन भरायला जाण्याची कायद्याने मुभा आहे, तेव्हा मी चारोटीच्या पंपावर जायचे ठरवले. वाटेत महालक्ष्मीचे देऊळ लागते, याला माझा नाइलाज आहे.

दादांना निरोप पाठवला होता. ते धुतलेला सदरा घालून आले. मी पुढचे दार उघडले, ते पुढे बसले नाहीत. मागचे दार उघडून आत गेले, आणि मागच्या सीटवरही न बसता, जिथे फळी होती तिथे नव्या पत्र्यावर, पुढच्या सीटला पाठ लावून बसले. मी म्हटले, “दादा, वर बसा, सीट नवी आहे.” ते म्हणाले, “इथून रस्ता मागं जाताना दिसतो.”

महामार्गावर मोठमोठे कंटेनर आमच्या शेजारून सुसाट जात होते. आम्ही ताशी चाळीसने. काही ट्रकवाल्यांनी हॉर्न वाजवून सलाम केला, काहींनी शिव्या दिल्या असतील. देवळापुढे दादांनी आतूनच हात जोडले. डोंगराकडे पाहून काहीतरी पुटपुटले, ते मला इंजिनाच्या आवाजात ऐकू आले नाही.

पंपावर गाडी थांबली. पोरे मोबाइल घेऊन भोवती जमली, मसल कार, मसल कार म्हणत. मी त्यांना आत्याची गोष्ट सांगायला सुरुवात केली. तेवढ्यात मागचे दार उघडल्याचा आवाज आला. दादा खाली उतरले, पुढे आले आणि टॉवेलाची घडी करून रेडिएटरच्या टोपीवर हात ठेवला. थोडा वेळ तसाच ठेवला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, “पाण्याचा डबा कुठं ठेवलाय?”

डबा मी आणलाच नव्हता.